फिरतीवरील ओळखी : बेळगाव परिसरातील काही धडे

शासकीय सेवेत असो, शिक्षणखात्यात असो वा व्यापारउदीमात असो, ज्यास कामानिमित्त गावोगाव हिंडावे लागते त्याच्या पदरी दोन गोष्टी पडतात : प्रवासभत्त्याचे देयक आणि माणसांच्या ओळखी. पहिलीचा हिशेब आपण पैपैने ठेवतो. दुसरीची नोंद दौऱ्याच्या दैनंदिनीत सहसा सापडत नाही. 'अमुक गावी गेलो, दप्तर तपासले, परत आलो' एवढ्यावर ती संपते. ही उणीव किती महाग पडते आणि ती भरून काढली असता काय घडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या अभ्यासास बेळगावसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही. आंबोली घाटाने सावंतवाडी, चोर्ला घाटाने गोवा, लोहमार्गाने मिरज आणि हमरस्त्याने निपाणी व कोल्हापूर अशा चहूकडच्या वाटा येथे येऊन मिळतात. वाटसरूंच्या या गावाने महाराष्ट्राला एक मोठा कारखानदार दिला, आणि त्याची कथा बरीचशी ओळखींचीच कथा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईस ते चित्रकला शिकावयास गेले; परंतु रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळत नसल्यामुळे तो मार्ग सोडून ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवू लागले. मुंबईत सायकली खरेदी करून त्या बेळगावी आपल्या वडीलबंधूंकडे, रामूअण्णांकडे, पाठवावयाच्या व रामूअण्णांनी त्या विकावयाच्या, असा व्यवहार दोघा भावांनी सुरू केला. १८८८ साली बेळगावात 'किर्लोस्कर बंधू' हे दुकान उभे राहिले. त्या काळी सायकल घेणारा गिऱ्हाईक म्हणजे अधिकारी, वकील, डॉक्टर किंवा सधन व्यापारी. ती चालवावयास शिकवावी लागे, मोडली तर दुरुस्त करून द्यावी लागे; म्हणजे एकदा आलेला माणूस पुन्हापुन्हा दुकानाची पायरी चढे. ओळख टिकविण्याची ही रीत आजही जुनी झालेली नाही.

खरी परीक्षा नांगराच्या वेळी झाली. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांनी शेतकरी त्रस्त असे. जड लाकडी नांगर ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर माती उचलून पालथी करी. पण १९०३ च्या सुमारास तो तयार झाला तेव्हा त्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, असा पक्का समज होता. या समजुतीला आज हसणे सोपे आहे. ज्याचे वर्षाचे पोट एका पिकावर अवलंबून आहे, त्याने अनोळखी माणसाच्या शब्दावर आपली जमीन का पणाला लावावी ? जाहिरातीचा कागद येथे लंगडा पडतो. कोणा जाणत्या शेतकऱ्याच्या रानात प्रत्यक्ष नांगरट करून दाखवावी, फाळ झिजला तर तो कोठे मिळेल ते सांगावे, आणि पीक आल्यावर पुन्हा त्या बांधावर जाऊन उभे राहावे, यालाच विक्री म्हणावयाचे. शेतीखात्याच्या विस्तारकार्यात ज्यास आपण प्रात्यक्षिक म्हणतो ते याहून निराळे नाही. फरक इतकाच की आपल्याकडे 'पुन्हा जाऊन उभे राहणे' बहुधा राहून जाते.

नांगराला बाजार मिळू लागला तोच दुसरे संकट आले. नगरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागणार असे ठरले. उभा केलेला कारखाना, शिकविलेले कामगार, सारे घेऊन जावयाचे कोठे ? या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी असलेला परिचय कामास आला. त्यांनी आपल्या संस्थानात मनास येईल ती जागा निवडण्यास सांगितले व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही देऊ केले. कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने व सापांनी भरलेला माळ लक्ष्मणरावांनी पसंत केला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. संस्थानिकाची मर्जी म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. ज्याचे काम आधी पाहिलेले आहे अशा माणसावरच कोणी इतका विश्वास टाकतो.

पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. आरंभी ते कारखान्याचेच पत्र होते. विखुरलेल्या गिऱ्हाइकांशी संबंध राखण्याचे ते साधन मराठी वाचकांचे आवडते मासिक झाले, हा या साऱ्या उद्योगाचा एक अनपेक्षित लाभच म्हणावयाचा.

याच नांगराच्या विक्रीसाठी एक गृहस्थ गावोगाव हिंडत होते. ते म्हणजे भाऊराव पाटील. ओगले काच कारखान्याचे व किर्लोस्करांचे विक्री प्रतिनिधी म्हणून त्यांनी खेडीपाडी पालथी घातली. दिवसा माल दाखवावयाचा आणि मुक्काम पडेल तेथे लोकांत बसावयाचे; अशा वेळी माणसास गावाचे जे दर्शन घडते ते कचेरीतील तक्त्यांत घडत नाही. कोणत्या घरचा मुलगा हुशार आहे पण शाळेत जात नाही, कोणाच्या शब्दाला गावात वजन आहे, हे त्यास आपोआप कळते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तेव्हा भाऊरावांजवळ धन नव्हते. परंतु चेहरे व नावे ठाऊक असलेली शेकडो गावे होती. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. त्यातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिनेही दिले, हे सर्वश्रुत आहे. शिक्षकबंधूंनी यातून एवढे अवश्य ध्यानी घ्यावे की भाऊरावांनी नांगराची फिरती आणि शाळेची फिरती अशी दोन खाती वेगळी ठेवली नव्हती.

आता सीमाभागाकडे वळू. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होते. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. बिडीच्या तंबाखूची ही नावाजलेली पेठ. येथील वखारवाला, अडत्या आणि शेतकरी यांचे व्यवहार दोन्ही राज्यांत पसरलेले असतात. येथे फिरतीवर येणाऱ्याने शब्दांची तयारी करूनच यावे. एकीकडे ज्यास सातबारा म्हणतात त्यास दुसरीकडे पहाणी म्हणतात. मराठी माणसाने कन्नडमध्ये आणि कन्नड माणसाने मराठीत चार वाक्ये बोलली, तर अर्धे काम तेथेच होते. शिष्टाचाराचा भाग म्हणूनही हे आवश्यक आहे. पाहुण्याने यजमानाच्या भाषेत कुशल विचारावे, ही आपल्याकडची जुनी चाल आहे.

ओळखीचा अर्थ वशिला असा कोणी घेऊ नये. शासकीय सेवकाने ज्याच्याकडे तपासणीस जावयाचे त्याच्या घरी मेजवानी झोडू नये, भेटवस्तू स्वीकारू नये, हे सांगावयास नको. सांगावयाचे ते एवढेच की भेट झाल्यावर त्या माणसाचे नाव, गाव, त्याचे काम आणि आपण त्यास दिलेला शब्द वहीत टिपून ठेवावा, व आठ दिवसांच्या आत त्यास काही ना काही कळवावे. काम झाले नसेल तर झाले नाही म्हणून कळवावे. दूरध्वनी खिशात आल्यापासून क्रमांक पुष्कळ जमतात, पण त्यापुढे कोणाचे कोणते काम अडले होते ते लिहिलेले नसते. असा क्रमांक सहा महिन्यांनी ओळखू येत नाही. बदली होईल तेव्हा ही वही नव्या अधिकाऱ्याच्या हवाली करावी. ती त्या टेबलाची मालमत्ता आहे.

हे सारे शिष्टाचारापुरते नाही, याची प्रचीती सीमाभागास पावसाळ्यात येते. वेदगंगेवरील पाटगाव आणि दूधगंगेवरील काळम्मावाडी ही धरणे कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. त्या नद्यांचे पाणी मात्र पुढे बेळगाव जिल्ह्यात उतरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोली येथे आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला व वाहतूक थांबली. अशा वेळी वरिष्ठ पातळीवरून सूचना येतातच. पण वरच्या गावातील पाणी किती चढले, गुरे कोणत्या वाटेने हलविता येतील, रुग्णास कोल्हापुरास न्यावे की बेळगावास, हे नदीच्या दोन्ही तीरांवरील तलाठी, शिक्षक, पोलीसपाटील आणि गावकरी एकमेकांस विचारू शकले पाहिजेत. मे महिन्याच्या फिरतीत ज्याने पलीकडच्या चार गावांत बसून चहा घेतला असेल, त्यास जुलैच्या रात्री कोणास हाक मारावयाची हे ठाऊक असते. वेदगंगा व दूधगंगा यांच्या काठच्या सेवकांनी यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वहीची दोन पाने यासाठी राखून ठेवावीत आणि पलीकडच्या काठावरील निदान पाच नावे स्वतः भेटून त्यात लिहावीत.