चौथ्या पायाची भानगड

प्रश्न : नव्या घरासाठी चार पायांची दोन महागडी डिझायनर स्टुलं आणली. दुकानात ताठ उभी होती, घरी डुगडुगतात. सासूबाईंची जुनी तिवई मात्र गच्चीच्या कोब्यावरही हलत नाही. आम्ही फसलो का? आणि गच्चीवर बसायला आता काय घ्यावं?

उत्तर : बहुधा फसला नाहीत. ही सगळी भानगड चौथ्या पायाची आहे. कुठलेही तीन बिंदू एका पातळीत येतातच, म्हणून कोबा कितीही उंचसखल असला तरी तिवईचे तिन्ही पाय टेकतात. चौथा पाय टेकायचा, तर स्टूलही नेमकं हवं आणि फरशीही.

दोघांत दोषी कोण, ते शोधता येतं. स्टूल जागच्या जागी हळूहळू फिरवा. पाव फेऱ्याच्या आत ते कुठे तरी ठाम बसलं, तर स्टूल चोख आहे. तिथेच ठेवून द्या. कसंही फिरवा, कुठेही ठेवा, तरी डुगडुगतंच म्हटल्यावर खोट स्टुलात. मग पायांना फिरवून उंची कमीजास्त करता येणारी बुटं लावून घ्या. करवत मात्र हातात घेऊ नका. एक पाय कापला की दुसरा लांब वाटतो, आणि संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट होतो.

मग सगळी स्टुलं तीन पायांचीच का नाहीत? आहेत की काही! फिनलंडच्या आल्व्हार आल्टो यांनी 1933 मध्ये बर्च लाकडाचं ‘स्टूल 60’ केलं, ती तिवईच. आजही ते बनतं. पण न डुगडुगणं म्हणजे न कलंडणं नव्हे, इथे बरेच जण चुकतात. समजा, प्रत्येक पाय मध्यापासून 20 सेंटिमीटरवर टेकतो. शेजारच्या दोन पायांना जोडणारी रेघ तिवईत मध्यापासून 10 सेंटिमीटरवर येते, चार पायांत सुमारे 14 वर, पाच पायांत 16 वर. शरीराचा भार त्या रेघेबाहेर गेला की आपण खाली. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीला पाच पाय असतात ते यासाठीच. तेव्हा तिवईवर चढून माळ्यावरचे डबे काढणं बंद करा, सासूबाईंनाही सांगा. (हे तुम्हीच सांगा, आमचं नाव नको.)

गच्चीवर बसायला तीन पायांचं, पण बुटकं आणि पाय फाकलेलं घ्या. राहता राहिला माल. प्लॅस्टिकला पावसाचं भय नाही, उन्हाचं आहे. साधं पॉलिप्रॉपिलीन उन्हात पांढुरकं पडतं आणि एक दिवस कडकन मोडतं. पावडर कोटिंगचं लोखंड ओरखडा पडेपर्यंत छान, मग पाणी रंगाखाली शिरतं. ‘स्टेनलेस गंजतच नाही’ हेही अर्धसत्य आहे. रत्नागिरी-अलिबागच्या खाऱ्या वाऱ्यात 304 प्रतीच्या स्टीलवर तांबूस ठिपके येतात. मॉलिब्डेनम असलेलं 316 बरंच अधिक टिकतं, अर्थात महागही पडतं.

आमचा कौल सागवानाला. अंगच्या तेलामुळे ते पाऊस सोसतं. उन्हाने रुपेरी-करडं झालं, तर पॉलिशवाल्याला बोलवायची घाई नको; तो फक्त रंग आहे. लक्ष द्यायचं ते पायांच्या टोकांकडे. लाकूड तिथूनच पाणी ओढतं आणि कुजतं, म्हणून जूनआधी त्यांना रबरी टोप्या घाला आणि स्टूल गच्चीच्या पन्हाळीपासून दूर ठेवा.