अंबाजोगाईच्या गल्ल्यांतून, चाखत चाखत

प्रश्न : माझी भाची नोकरीनिमित्त टोकियोत राहते. मागे सुट्टीच्या दिवशी ती तिथल्या यानाका नावाच्या जुन्या वस्तीत वाटाड्यासोबत तीन तास पायी फिरली. एका दुकानात भाजलेली तांदळाची पापडी, पुढे एक तळलेला पदार्थ, मध्येच देऊळ, मग मिठाई, असा तो फेरफटका. त्याचे तिने चांगले पैसे मोजले आणि ते वसूल झाले असं ती म्हणते. आमची अंबाजोगाई तर त्या वस्तीहून कितीतरी जुनी. पण येणारा माणूस योगेश्वरीचं दर्शन घेतो, गाडीत बसतो आणि परळीला निघून जातो. यानाकात असं काय आहे? आणि आपल्याकडे असं काही जमेल का?
— एक वाचक, केज

उत्तर : जमेल, आणि अंबाजोगाईत तर नक्कीच जमेल. पण यानाकाचा फेरफटका कसा उभा राहिला ते आधी पाहू, कारण आपल्या कामाची गोष्ट तिथेच आहे.

टोकियोचं जुनं नाव एदो. १६५७ साली एदोत भयंकर आग लागली. त्यानंतर शहराच्या मध्यातली बरीच बौद्ध मंदिरं कडेला हलवण्यात आली आणि त्यांतली पुष्कळ यानाकात आली. आजही त्या लहानशा वस्तीत सत्तरच्या आसपास मंदिरं आहेत. मंदिरं आली की त्यांच्यामागून फुलवाले, उदबत्तीवाले, मिठाईवाले, दगड घडवणारे येतात. तशी ती वस्ती भरली. पुढे १ सप्टेंबर १९२३ ला मोठा भूकंप झाला. दुपारचे बारा वाजत आले होते, घरोघरी स्वयंपाक चालू होता. चुलींमधून आगी पसरल्या आणि टोकियोचा मोठा भाग जळाला. यानाका बऱ्याच अंशी वाचलं. १९४५ च्या बाँबहल्ल्यांतही ते बहुतांशी उभं राहिलं. म्हणून वाकड्यातिकड्या गल्ल्या, लाकडी घरं, पिढ्यान्‌पिढ्या एकच जिन्नस करणारी दुकानं तिथे अजून दिसतात.

पण घरं वाचली म्हणजे वस्ती वाचली असं होत नाही. १९८४ साली तिथल्या काही घरसंसारी, लेकुरवाळ्या बायकांनी एक लहानसं मासिक काढलं. यानाका, नेझू आणि सेंदागी या तीन शेजारच्या वस्त्यांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं ‘यानेसेन’. ते २००९ पर्यंत चाललं. त्या बायका घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारत : इथे पूर्वी काय होतं, तुमच्या दुकानात काय विकायचे, भूकंपाच्या दिवशी तुम्ही कुठे होतात. हे सगळं छापून त्यांनी त्याच गल्ल्यांतल्या लोकांना वाचायला दिलं. आज तो सगळा भाग यानेसेन याच नावाने ओळखला जातो. तुमच्या भाचीला वाटाड्याने जे सांगितलं, त्यातलं पुष्कळसं या विचारपुशीतून आलेलं असणार. आधी वस्तीने स्वतःची चौकशी केली, पाहुणे नंतर आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट. यानाकाच्या दफनभूमीत एक पाच मजली लाकडी पागोडा होता. १९५७ मध्ये कोणीतरी आग लावली आणि तो जळून गेला. तो पुन्हा बांधला नाही. खालचे पायाचे दगड तेवढे राखून ठेवले आहेत. तिथे पाहण्यासारखं जवळजवळ काही नाही, तरी माणसं थांबतात, कारण सांगणारा असतो.

आता आपल्या गावाकडे येतो. अंबाजोगाईच्या बाराखांबीला, म्हणजे सकलेश्वराच्या देवळाला, तुम्ही लहानपणी नक्की गेला असाल. तिथल्या शिलालेखाचं साल १२२८ आहे. २०२४ मध्ये राज्याच्या पुरातत्त्व विभागाने त्या परिसरात खोदकाम केलं, तेव्हा आणखी दोन देवळांचे पाये जमिनीखाली सापडले. म्हणजे पायाचे दगड आपल्याकडेही आहेत, आणि ते यानाकाच्या पागोड्यापेक्षा कितीतरी शतकं जुने आहेत. पण रविवारी सकाळी तिथे उभं राहून समजावून सांगणारं कोणी नाही.

काय सांगावं? यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर हा इथला. मोठमोठ्या स्वाऱ्या केलेला माणूस. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला. खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने त्या भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारलं आणि शके ११६२ च्या, म्हणजे १२४० सालच्या शिलालेखात ते कोरलं गेलं. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी एका बहिणीने भावासाठी केलेली ही गोष्ट दगडावर आहे आणि आपण शेजारून दुचाकीवर निघून जातो. मला विचाराल तर फेरफटक्यात सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला द्यावा.

दुसरा मुक्काम दासोपंतांचा. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांनी लिहिलं किती, तर एकट्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख सांगतात. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका गावात अजून आहे. आणि त्यांची पासोडी : सुमारे चाळीस फूट लांब कापडावर शाईने लिहिलेलं ‘पंचीकरण’, ओव्यांसोबत आकृत्या काढून. पंचमहाभूतांपासून हे शरीर आणि जग कसं घडलं, हे समोर बसलेल्या श्रोत्यांना दाखवून सांगता यावं असा तो पट. ही पासोडी दासोपंतांच्या वंशजांनी सांभाळली. तिच्याभोवती गर्दी करून तिला हात लावायचा नाही, हे उघडच आहे. चांगलं छायाचित्र मोठ्या कापडावर छापून तेच गल्लीत उलगडावं. चाळीस फूट म्हणजे किती, हे दोन माणसांनी दोन टोकं धरून चालू लागल्याशिवाय कळत नाही.

योगेश्वरीची कथा आपल्याकडे पोराटोराला पाठ आहे : परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी कुमारी राहिली. गावाबाहेरच्या शिवलेण्यात, ज्याला आपण हत्तीखाना म्हणतो, अंगणातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले असं आजी सांगायची. वाटाड्याने ही कथा जरूर सांगावी, आणि डोंगर कोरून हे लेणं माणसांनी घडवलं हेही सांगावं. कोकणातली शेकडो कुटुंबं इतक्या लांबून याच देवीला कुलस्वामिनी मानून येतात. त्यांना इथे दर्शनापलीकडे अर्धा दिवस घालवायला कारण मिळालं तर ती आनंदाने थांबतील.

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी मात्र या तीन तासांत घुसवू नये. ती दरीतली जागा आहे, तिला वेगळी सकाळ द्यावी.

खाणं कुठे येतं? यानाकात खाणं हे गोष्टीला जोडलेलं आहे, म्हणून ते लक्षात राहतं. तिथे चाखायला मिळते ती कोळशावर भाजून सोया सॉसमध्ये बुडवलेली तांदळाची कुरकुरीत पापडी, खिम्याचं तळलेलं कटलेट, आणि बारीक अझुकी चवळीच्या गोड पुरणाचे पदार्थ. सगळं साधं, रोजचं, शेजारच्या माणसासाठी केलेलं. आपण नेमकी उलटी चूक करू अशी मला भीती वाटते : पाहुणा आला म्हणून पनीर, नूडल्स आणि थंड बाटल्या. कृपा करून तसं करू नका.

सकाळी सुशीला द्या. पुण्यामुंबईच्या माणसाने ती खाल्लेलीच नसते : भिजवून निथळलेले चुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं कूट. शेजारी धपाटं आणि दही. पुढच्या थांब्यावर येसराची आमटी, वाटीभरच. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. लग्नाच्या पंगतीत शेकडो माणसांना पुरेल अशी दाट, खमंग आमटी त्यावर होते. येसर भाजताना येणारा वास सांगून कळायचा नाही, तेव्हा जिथे तो भाजला जातो तिथेच पाहुण्याला नेऊन उभं करा. ज्वारीची भाकरी तव्यावर फुगताना पाहायला परदेशी पाहुणाही तासभर थांबेल. ती थापणाऱ्या बाईला भाकरीचे नव्हे, तिच्या हातातल्या कसबाचे पैसे मिळाले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी किती बाया ऊसतोडीला जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. एखाद्या घराला गावातच चार पैसे मिळाले तर या खटाटोपाचं सार्थक होईल.

मंडी बाजारातून जाताना आणखी एक इतिहास सांगावा लागेल. निजामाच्या राजवटीत या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. त्या काळाची माणसं, आडनावं, बोली, खाणं गावात मिसळलेलं आहे. फक्त देवळं आणि फक्त शाकाहार दाखवणारा फेरफटका अर्धं गाव लपवतो. रमजानच्या दिवसांत संध्याकाळची वेगळी फेरी काढा, तिची आखणी मुस्लिम मोहल्ल्यातल्याच माणसांवर सोपवा. याच गावात स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून येऊन शाळेत शिकवत होते, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांच्याकडे गेलं. आज त्यांच्याच नावाच्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे राज्यभरातली मुलं इथे राहतात. या मुलांनाच पहिले पाहुणे करा.

दिवस कोणते निवडावेत, याबद्दल माझं मत पक्कं आहे : मार्गशीर्ष. शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत योगेश्वरीचं नवरात्र असतं. पौर्णिमेला दत्तजयंती, आणि दासोपंत तर दत्तभक्त. त्यानंतर पंधरवड्याने येते वेळ अमावास्या, आपली येळवस. लातूर-धाराशिवला लागून असलेल्या आपल्या भागात त्या दिवशी लोक शेतात जातात, कडब्याची कोप उभारतात, आत पांडव मांडून पूजा करतात. मग उंडे, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची आंबटसर भज्जी, आणि मडक्यातलं गार अंबील. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. जगात कुठल्याही कंपनीला असा दिवस विकत घेता येणार नाही. मात्र येळवशीच्या जेवणाचे पैसे कोणीही लावू नयेत. पाहुण्याने शेतकऱ्याच्या निमंत्रणावरून जावं आणि वाटाड्याने आपला मेहनताना तेवढा वेगळा घ्यावा. थोडं आधी, आश्विन-कार्तिकात आलात तर बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं मिळतात; बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. थोडं नंतर आलात तर हुरडा. एप्रिल-मे मात्र टाळा. उन्हाचा ताप आणि पाण्याची ओढ या दोन्हींत पाहुणे बोलावणं बरं नव्हे.

जपानकडून एक शिस्त मात्र जशीच्या तशी घ्यावी. तिथे रस्त्याने खात खात चालणं बरं मानत नाहीत. कामाकुरा शहराने तर २०१९ मध्ये गर्दीच्या गल्लीत चालता चालता खाऊ नका असं नियमात लिहिलं. घेतलं त्या दुकानासमोर थांबून खायचं आणि कागद तिथेच परत द्यायचा. क्योतोच्या गिओन भागात पर्यटक इतके वाढले की खाजगी बोळांत फोटो काढायलाच बंदी घालावी लागली, दंडासकट. म्हणजे फेरफटका फार गाजला तर तोही वस्तीच्या जिवावर उठू शकतो. म्हणून एका वेळी आठ-दहा माणसं, त्याहून जास्त नकोत. कोणाच्या वाड्यात शिरण्याआधी त्यांची परवानगी आदल्या दिवशी घ्यावी. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी ठरवल्याशिवाय रस्ता ठरवू नये. आपल्याकडे बहुतेक चांगल्या योजना इथेच अडतात.

तुम्ही केजचे, अंबाजोगाई जवळच. मग सुरुवात अशी करा. इतिहास किंवा मराठी शिकणारी चार-पाच मुलंमुली गोळा करा. त्यांना एकेक गल्ली वाटून द्या आणि दिवाळीपर्यंत तिथल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडून दुकानांची, विहिरींची, पंगतींची, छावणीची माहिती वहीत उतरवून घ्या. त्यातून रस्ता आपोआप ठरेल. मार्गशीर्षातली पहिली फेरी गावातल्याच लोकांसाठी ठेवा, बिनपैशाची. जिथे त्यांनी वाटाड्याला अडवून ‘असं नाही, तसं होतं’ म्हटलं, तेवढं वहीत दुरुस्त करा. बाहेरच्या माणसाला पुढच्या वर्षी बोलवा.