विश्रांतीने दम जाईल का?

प्रश्न: ट्रायथलॉनचा हंगाम संपला. आता सरावात मन लागत नाही; पण थांबलो तर वर्षभराची मेहनत वाया जाईल, अशी धास्ती वाटते. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: धास्ती सोडा. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने कमावलेला दम जात नाही. थकलेल्या शरीराला ती हवीच असते. पुढे महिनाभर घड्याळ घरी ठेवून, गप्पा मारता येतील इतपतच पळा. एखाद्या रविवारी मित्रांसोबत साताऱ्याला जाऊन अजिंक्यतारा चढा. सोबतीने उत्साह टिकतो. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका काढा. हंगामात ताकदीकडे हमखास दुर्लक्ष होते, ते आता भरून काढता येईल. पोहायचे मात्र जलतरण तलावातच. कृष्णेत मगरी आहेत. दोन-तीन आठवड्यांनंतरही थकवा किंवा झोपमोड राहिली, तर डॉक्टरांना दाखवा.