गोळी मेडिकलमधली असली तरी

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. आयटीआय झालेला, सुपारीचंही व्यसन नसलेला. बारा-बारा तास उभं राहून कंबर धरली, तेव्हा खोलीतल्या पोराने त्याला ट्रामाडॉलची गोळी दिली. दुखणं थांबलं, शीणही पळाला. पुढे एका गोळीने भागेना.

गणपतीत तो आमच्याकडे भोसरीला आला, तेव्हा नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, पाय ओढत होते, पोट बिघडलेलं. ताईने सर्दी समजून काढा दिला. "मावशी, जरा खाली जाऊन येतो," म्हणून गेला आणि काही वेळाने टवटवीत होऊन परतला. डोळ्यांच्या बाहुल्या मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या. नशा न मिळाल्याने होणारा जो त्रास व्यसनी माणसं 'टर्की' म्हणून ओळखतात, तो आम्ही दुपारभर बघत होतो आणि आम्हाला कळत नव्हतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दारू-तंबाखूचे तोटे या मुलाला तोंडपाठ होते. ट्रामाडॉलसारखी मेडिकलमधली गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध अफूच्याच कुळातलं असतं, हे त्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आपण फेरी काढतो, घोषणा देतो. त्यात गोळीचं नावही नसतं. चाकण म्हटलं की लोकांना २०२० मध्ये पकडलेलं २० किलो मेफेड्रोन आठवतं. गोळीची बातमी होत नाही.

ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्येच अमली पदार्थांच्या व्यसनाचा विषय शालेय अभ्यासक्रमात आणायला सांगितलं. २०१९ च्या 'एम्स'च्या पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे देशात सव्वादोन कोटींच्या वर निघाले. तेव्हा हा धडा सक्तीचाच हवा, आणि नववी-दहावीतच हवा. त्यानंतर आपली पोरं थेट शिफ्टला लागतात.

नुसती भीती घालून भागणार नाही, पोरं हसतात. शरीरात काय होतं ते शिकवा. ही औषधं मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण मंदावतात. दारू किंवा झोपेची गोळी सोबत गेली तर श्वास थांबू शकतो. सोडल्यावर सहनशक्ती घटते, म्हणून पुन्हा जुनाच डोस घेणं जिवावर बेतू शकतं. ओठ निळे पडून कुणी घोरत असेल आणि हाक मारूनही उठत नसेल, तर त्याला झोपू देऊ नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. पोलिसांच्या धाकाने पोरं लपवतात. स्वतःहून उपचार घेणाऱ्या, अल्प मात्रेत सापडलेल्या व्यसनीला कायद्याच्या कलम ६४-अ ने संरक्षण दिलंय, हेही सांगा.

भाचा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू गोळीतून सुटला. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पालकांनो, पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: हा तास कोणत्या वर्गाला आणि कधी घेणार?