पायाखालची जमीन आणि पायाचा खर्च

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले गेले आहेत. पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. गाव वसविताना जुन्या लोकांनी सहसा उंचवट्याची, निचऱ्याची जागा निवडली आणि सुपीक काळी जमीन नांगरासाठी राखून ठेवली. त्यामागे शेतीचा विचार होता, तसाच घराचाही होता. काळ्या मातीवर भिंत नीट उभी राहत नाही, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

आज लोकसंख्या वाढली, गावठाणे अपुरी पडली आणि नवी वस्ती पांढरी ओलांडून काळीत उतरली आहे. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, खानदेश येथील कितीतरी गावांचे नवे भाग काल-परवापर्यंत ज्वारी-कापसाची शेते होती. अशा भूखंडावर घर बांधणारा गृहस्थ अंदाजपत्रक करतो ते विटा, सिमेंट, लोखंड आणि पत्रे किंवा स्लॅब यांचे. जमीन साफ करणे, चर खोदणे, माती हलविणे आणि भराव घालणे यांसाठी 'खोदाई व किरकोळ' अशी एक ओळ पुरेशी समजली जाते. मग जोत्यापर्यंत पोचण्याआधीच हाती असलेला पैसा संपतो.

ही गोष्ट घरकुलाच्या लाभधारकास विशेष जाचते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ मध्ये सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशासाठी १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. डोंगर व सपाटी हा भेद त्यात केलेला आहे. मुरूम व काळी माती हा भेद नाही. शिवाय साहाय्याचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित असतात. जोते पुरे झाल्याखेरीज पुढचा हप्ता नाही, आणि काळ्या जमिनीत जोत्याखालीच सर्वांत अधिक पैसा लागतो. प्रस्तुत लेखकाने दौऱ्यावर असताना असे एक अर्धवट जोते पाहिले. चर खोदून ठेवले होते, दगड येऊन पडला होता, मध्येच पाऊस झाला आणि चराच्या कडा आत ढासळल्या. घरमालक म्हणाला, "साहेब, पहिला हप्ता जमिनीनं गिळला." त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते.

आधी जमीन पाहावी

आराखडा व अंदाजपत्रक यांच्याआधी भूखंडावर चाचणी खड्डा घ्यावा. घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांजवळ प्रत्येकी एक, सुमारे ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ६ फूट खोल खड्डा पुरेसा होतो. दोन मजुरांचे एक-दोन दिवसांचे हे काम आहे. किती फुटांवर काळी माती संपते, पिवळसर माती किती आहे, मुरूम कोठे लागतो आणि पाणी झिरपते काय, हे चार आकडे वहीत लिहून ठेवावेत. सहा फुटांतही मुरूम लागला नाही तर तेही महत्त्वाचे उत्तर आहे. शेजारी न बांधलेली विहीर असेल तर काम आणखी सोपे होते, कारण तिच्या उघड्या काठावर जमिनीचे सर्व थर डोळ्यांना दिसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस शेतातील भेगेत बारीक काठी घालून पाहिली तरी माती किती खोलवर सुकते आणि हलते याची कल्पना येते.

जुन्या गावठाणातील जागाही निर्धोक समजू नये. पडलेल्या भिंतींची माती, राख आणि उकिरडा यांचा अनेक पिढ्यांचा भराव तेथे असतो, आणि जुन्या वाड्याच्या जागी धान्याचे पेवही दडलेले असू शकते. पेव कोठे होते हे सांगणारी वडीलधारी माणसे गावात असतात. खड्डा घेण्यापूर्वी त्यांना विचारावे.

मातीची फुगण्याची शक्ती मोजण्याची एक साधी रीत भारतीय मानकांत दिलेली आहे. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ती करता येते, म्हणून शिक्षकांनी तिकडे अवश्य लक्ष द्यावे. माती पूर्ण वाळवून, कुटून, अगदी बारीक चाळणीने चाळावी. तिचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन भाग १०० मिलिलीटरच्या दोन मोजनळ्यांत घालावेत. एका नळीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून ढवळावे आणि २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलातील माती १२ आणि पाण्यातील माती २१ मिलिलीटरवर स्थिरावली, तर वाढ ९ मिलिलीटर, म्हणजे १२ च्या ७५ टक्के झाली. हा आकडा ५० च्या आत असल्यास काळजीचे कारण थोडे. ५० च्या वर सावध राहावे. १०० च्या वर गेल्यास अभियंत्याच्या सल्ल्यावाचून नेहमीचा पाया घालू नये. रॉकेल आता खेड्यात दुर्मीळ झाले असले तरी या प्रयोगापुरते मिळविणे कठीण नाही.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. घराच्या मध्यभागाखालील ओल बरीचशी टिकून राहते. कडेची मात्र दरवर्षी बदलते. त्यामुळे कडेच्या भिंती वरखाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकस भेगा निघतात. वरून गिलावा कितीही चांगला केला तरी या भेगा बुजत नाहीत.

ब्रासचा हिशोब

आता एक उदाहरण घेऊ. बाहेरून २५ फूट लांब व १५ फूट रुंद असे दोन खोल्यांचे घर आहे आणि भिंती एक फूट जाडीच्या आहेत. भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजल्यास बाहेरच्या भिंतींची लांबी ७६ फूट होते. मधल्या भिंतीचा चर ११ फूट धरला म्हणजे एकूण चर ८७ फूट. रुंदी ३ फूट. तेव्हा खोलीच्या प्रत्येक फुटामागे २६१ घनफूट, म्हणजे सुमारे २.६ ब्रास खोदाई होते. (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट, किंवा २.८३ घनमीटर.)

मुरमाच्या जमिनीत ३ फुटांवर पक्का थर लागला असे धरू. खोदाई ७.८ ब्रास होईल. जोते दोन फूट उंच ठेवल्यास फरशीच्या थराखाली दीड फूट भराव लागतो, तो सुमारे ४.३ ब्रास. पायाचे बांधकाम चराची साधारण निम्मी जागा घेते, म्हणून उरलेल्या निम्म्या जागेत परत भरण्यासाठी ३.९ ब्रास. दोन्ही मिळून ८.२ ब्रास. म्हणजे जे खोदून काढले तेच जवळजवळ सर्व भरावात जिरले. बाहेर काही न्यावयाचे नाही आणि बाहेरून फारसे काही आणावयाचे नाही.

तेच घर काळ्या जमिनीवर घ्या, जेथे मुरूम ५ फुटांवर आहे. चराची खोदाई १३ ब्रास. फरशी उचलली जाऊ नये म्हणून चरांच्या मधली काळी मातीही दोन फूट काढावी लागते, ती ४ ब्रास. एकूण १७ ब्रास. ही माती भरावाच्या कामाची नाही, कारण जोत्यात पुन्हा तीच घातली तर ती फरशीखाली फुगणारच. सबब ती सर्व बाहेर न्यावयाची. खोदलेली चिकण माती सुटी झाल्यावर चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने वाढते, म्हणून जमिनीतील १७ ब्रास ट्रॉलीत २१ ते २३ ब्रास भरतात. दुसरीकडे जोत्यातील ४.३, काढलेल्या थराच्या जागी ४ आणि चरात परत ६.५ असा १४.८ ब्रास दाबलेला मुरूम हवा. सुटा मुरूम ठोकल्यावर खाली बसतो, म्हणून त्यासाठी १८ ते १९ ब्रास आणावा लागेल.

काळ्या जमिनीचे खरे गणित येथे आहे. पैसा दोनदा जातो, एकदा माती बाहेर नेताना आणि एकदा मुरूम आत आणताना. नुसत्या खोलीचा विचार करणाऱ्याला वाटते की तीनाचे पाच फूट झाले, खर्च काहीसा वाढेल. प्रत्यक्षात जवळजवळ शून्य असलेली वाहतूक चाळीस ब्रासवर जाते. खोलीबरोबर पायाचे दगडकाम वाढते ते निराळेच.

या आकड्यांपुढे आपल्या गावचा दर लिहिला की अंदाजपत्रक तयार होते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत माती, कठीण मुरूम, मऊ खडक व कठीण खडक यांच्या खोदाईचे दर वेगवेगळे दिलेले असतात. ते घनमीटरमध्ये असतात, ब्रासमध्ये नव्हे. गुणाकार करताना ही चूक फार जणांकडून होते. भाव ठरविताना 'चरात मोजलेला ब्रास' की 'ट्रॉलीत मोजलेला ब्रास' हे आधीच कागदावर लिहावे. वर दाखविल्याप्रमाणे दोहोंत चौथ्या-तिसऱ्या हिश्शाचा फरक आहे आणि बहुतेक तंटे याच फरकातून निघतात. खोदाईचा मोबदला चराच्या मापावर द्यावा. चाचणी खड्डा घेतला असेल तर अनपेक्षित खर्चासाठी एक दशांश रक्कम राखून ठेवणे पुरते. खड्डाच घेतला नसेल तर किती राखावी हे कोणासही सांगता येणार नाही.

जेसीबीने काम लवकर उरकते हे खरे. परंतु त्याचे भाडे तासावर असते आणि फावड्याच्या रुंदीमुळे तीन फुटांचा चर सहज साडेतीन फुटांचा होतो. आपल्या उदाहरणात या अर्ध्या फुटाने दोन ब्रासहून अधिक माती वाढते, आणि ती पोकळी पुन्हा मुरमाने भरावी लागते. यंत्राने शेवटचे अर्धा फूट राखून खोदावे व तळ मजुरांकडून हाताने साफ करावा. तळ चुकून अधिक खोल गेलाच तर सुट्या मातीने सारखा करू नये, तेथे साधे काँक्रीटच घालावे.

खोदाईचा काळ

दसऱ्यानंतर जमीन वाफशावर आली म्हणजे चर घेण्यास योग्य वेळ होते. काळ्या जमिनीत चर फार दिवस उघडा ठेवू नये. उन्हाने तळ भेगाळतो आणि अवकाळी पावसाने चिखल होतो. दगड, सिमेंट व मुरूम जागेवर येऊन पडल्यावरच खोदाई सुरू करावी. पाच फुटांपेक्षा खोल चराच्या बाजूंना टेकू द्यावेत किंवा बाजू उतरत्या कापाव्यात. काढलेली माती काठापासून किमान पाच फूट दूर टाकावी. काठावरच्या ढिगाच्या भाराने बाजू कोसळून खाली काम करणारा माणूस क्षणात गाडला जातो, आणि असे अपघात बहुधा 'एवढ्याशा चरात काय होणार' असे म्हणणाऱ्यांच्या जागेवर होतात.

मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून ठोकावा. जोत्याच्या माथ्यावर सळईचा काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून अखंड फिरवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती ज्या तऱ्हेने कोसळल्या ते पाहिलेल्यांना या पट्ट्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. खोदाईत पैसा अधिक गेला म्हणून हा पट्टा गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा, हवे तर एखादी खोली मागाहून बांधावी. मोरीचे पाणी पायाजवळ मुरू न देता दूर न्यावे आणि घराभोवती उतार दिलेला फरसबंद पट्टा करावा.

सहा फुटांतही मुरूम न लागल्यास नुसते खोल जात राहणे परवडत नाही. अशा जागी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी फुगा असलेला खांबांचा पाया विचारात घ्यावा. जमिनीत सुमारे साडेतीन मीटर खोल भोके पाडून, तळाशी ती अडीचपट रुंद करून काँक्रीटचे खांब ओततात व त्यांवर तुळया टाकून भिंती उभारतात. यात माती फारच थोडी हलते. मात्र भोके पाडण्याचे साधन व जाणता कारागीर हवा, म्हणून एका वस्तीतील दहा-पंधरा घरांनी हे काम एकत्र काढले तरच ते स्वस्त पडते.

पंचायतीचे काम

वस्तीसाठी जागा निवडतानाच पंचायतीने प्रत्येक गटात दोन-चार चाचणी खड्डे घेऊन त्यांची नोंद दप्तरी ठेवली, तर पुढे प्रत्येक घरमालकास तो खर्च करावा लागणार नाही. जमिनीची किंमत थोडी अधिक पडली तरी मुरमाड माळाची जागा काळ्या रानापेक्षा अंती स्वस्त ठरते. बांधकामाची परवानगी देताना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अर्जदारास जमिनीच्या थरांविषयी विचारण्याचा प्रघात पाडावा.

मुरूम हे गौण खनिज आहे. तो आणण्यापूर्वी स्वामित्वधन व वाहतूक परवाना यांची चौकशी ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांच्याकडे करावी. परवान्याविना भरलेली ट्रॉली अडविली गेली तर दंडाचा बोजा शेवटी घरमालकाच्याच हिशोबात येतो.

राहता राहिली काढलेली काळी माती. ती रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यात लोटली जाते आणि पहिल्या पावसात गटारे तुंबतात. वास्तविक वरच्या दोन फुटांची ही माती शेतीच्या मोलाची आहे. गावातील हलक्या, मुरमाड रानाचे मालक ती आनंदाने नेतात आणि पुष्कळदा वाहतूकही स्वतःच करतात. खोदाईच्या आठ दिवस आधी चावडीवर तशी सूचना लावली, तर बाहेर जाणाऱ्या वीस-बावीस ब्रासचा खर्च बराच वाचतो.