जपानी सुरी घेण्याआधी ओटा पाहा

वाळूजच्या एका कारखान्याच्या टूल रूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे निवृत्तीनंतर सिडकोतल्या आमच्या गल्लीत 'काकांकडे धार चांगली लागते' अशी ख्याती पसरली. पूर्वी विळ्या आणि कात्र्या यायच्या. अलीकडे जपानी सुऱ्या येऊ लागल्या आहेत. कुणाचा मुलगा टोकियोच्या कप्पाबाशी या भांड्याकुंड्यांच्या बाजारातून आणतो, कुणी मोबाइलवर मागवतं. माझ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा बहुतेकींच्या धारेला खांडी पडलेल्या असतात आणि सोबत गाऱ्हाणं असतं, "काका, एवढी महागाची सुरी, आणि कैरीनं दात पाडले!"

कैरीनं नव्हे, कोयीनं पाडले. पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. जर्मन पद्धतीची सुरी साधारण ५६ ते ५८ असते, जपानी बहुधा ६० च्या पुढे, काही ६४ पर्यंतही. कडक पोलादाला बारीक कोन देता येतो, दोन्ही बाजूंनी १५ अंशांच्या आसपास, आणि ती धार खूप दिवस टिकते. पण कठीण वस्तूवर आपटली की मऊ पोलादाची धार वळते, कडक पोलादाची तुटते. लोणच्याच्या कैऱ्या मोठ्या अडकित्त्यावर बाजारातच फोडून घ्याव्यात. नान-खलियाचं मटण खाटकाच्या सत्तुरानं तुटलेलंच घरी यावं. नारळ आणि सुरण यांच्यासाठी विळी आहे. नवी सुरी आली म्हणून विळी माळ्यावर टाकणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो, ती लागणार आहे.

सुरीच्या आधी ओटा पाहायचा तो यासाठी. आपल्याकडे ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात काकडी चिरायची सवय आहे. दगड आणि धातू यांच्यावर कुठलीही बारीक धार आठवडाभरही तग धरत नाही, आणि काचेचा चॉपिंग बोर्ड तर निव्वळ शोभेचा. लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा बोर्ड हवा. दुसरी सवय त्याहून काळजीची. भेंडी, मिरच्या हातात धरून सुरी अंगठ्याकडे ओढत चिरणारी माणसं घरोघरी आहेत. बाजारातल्या दातेरी चाकूनं ते निभतं. जपानी सुरी कातडीपाशी थांबत नाही. घरात हातावर चिरणारं कुणी असेल आणि सवय बदलणार नसेल, तर ही सुरी त्या घरात आणू नये.

एवढ्यावरही घ्यायचीच असेल तर आकार बघा. देबा आणि यानागिबा या सुऱ्या मासळीसाठी, एकाच बाजूनं धार असलेल्या. डावखुऱ्याला त्या वेगळ्या घडवून घ्याव्या लागतात. दिसायला देखण्या, आपल्या स्वयंपाकाला निरुपयोगी. सांतोकू ही विसाव्या शतकात घरगुती वापरासाठी रुळलेली, भाजी-मांस-मासे तिन्हींना चालणारी, पातं १६५ ते १८० मिलिमीटरचं. मला विचाराल तर नाकिरी. चौकोनी तोंडाची, सरळ धारेची, खास भाजीची. कोबी आणि मेथी तिच्याखाली अशी पडते की चिरणाऱ्याला आणखी एक जुडी घ्यावीशी वाटते.

या सुऱ्या कुठून येतात हे कळलं की त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलते. ओसाकाजवळच्या साकाईची कीर्ती पूर्वी तंबाखू कापायच्या सुऱ्यांसाठी होती. तिथे आजही लोहार घडवतो, धारकरी धार काढतो आणि मूठ तिसराच बसवतो. सेकी हे तलवारींचं गाव. १८७६ साली चारचौघांत तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि अनेक तलवार घडवणारे सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. बऱ्याच पात्यांत मध्ये कडक पोलादाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड असतं. धारेच्या थोडं वर दिसणारी धूसर रेघ ही त्या जोडाची.

फसवणूक होते ती नक्षीत. लाटालाटांची 'दमास्कस' नक्षी बघून लोक पैसे मोजतात. खऱ्या थरांच्या पात्यात ती नक्षी गाभ्याच्या रेघेपाशी संपते आणि थर पात्याच्या पाठीवरही दिसतात. स्वस्तातल्या सुरीवर ती लेसरनं कोरलेली असते, थेट धारेपर्यंत गेलेली, आणि घासून घासून पुसट होते. खरी असली तरी कापण्याशी तिचा संबंध जवळजवळ नाही. (ज्या पोलादामुळे दमास्कसच्या तलवारी गाजल्या ते आपल्या दख्खनच्या मुशीतलं. निजामाच्या राज्यात आपल्यासोबतच असलेल्या कोनसमुद्रममध्ये ते बनायचं. त्याची नक्षी पोलादाच्या पोटातूनच उमटायची, थर चिकटवून नव्हे.) विकणाऱ्याला पोलादाचं नाव विचारा. व्हीजी-१० आणि गिनसान सहसा गंजत नाहीत. शिरोगामी आणि आओगामी हे कार्बन पोलाद, धार अप्रतिम, पण चिंच, लिंबू, टोमॅटो लागल्यावर लगेच पुसलं नाही तर डाग धरतं. 'हाय कार्बन जपानी स्टील' एवढंच लिहिलेलं असेल तर पुढच्या दुकानात जा. आणि जपानहून कुणी आणणार असेल तर सुरी चेक-इनच्या बॅगेत टाकायला सांगा. हातातल्या बॅगेत विमानतळावर अडवतात.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या टोपल्यात ही सुरी टाकू नये. रात्रभर सिंकमध्ये नको, तारेची घासणी नको. चिरून झालं की धुवायची, कोरडी करायची. कार्बनची असेल तर पावसाळ्यात खोबरेलाचं बोट फिरवून ठेवायची.

सायकलवर धार लावणाऱ्याचं कसब मी मानतो, पण त्याचं चाक या सुरीला नको. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा बारीक धार क्षणात तापते. तिच्यावर निळसर झाक आली म्हणजे उष्णता ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. हॉटेलवाले वापरतात ती धार नीट करायची लोखंडी कांडीही टाळा. कडक धारेचे तिनं टवके उडतात. जितक्याची सुरी घेणार, त्यातले थोडे पैसे पाण्याच्या दगडासाठी बाजूला काढा. १००० ग्रिटचा घ्या, पुढेमागे ३००० चा. भिजवायचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण १२ मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात. त्या उंचीची लाकडाची चकती करून मी शेजाऱ्यांना देतो, कारण कोन डोळ्यांनी कळत नाही, हाताला हळूहळू कळतो. एका बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला टोकापासून मुठीपर्यंत बारीक कोर बोटाला जाणवली की पालटायचं. घाई करणाऱ्यांची धार मधे लागते आणि टाचेपाशी बोथट राहते.

बारीक खांड, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची, ४०० च्या दगडावर निघते, पण धार खांडीच्या तळापर्यंत सगळीकडे सारखी उतरवावी लागते, नुसती खांडीपाशी घासली तर तिथे खळगा पडतो. त्याहून मोठी असेल तर पात्याचा बराच भाग जातो, मग ते पुन्हा मागून पातळ करत आणावं लागतं. ते काम मीही सकाळचा चहा झाल्यावर, उजेडात, दुसरं काही हाती नसेल तरच घेतो.