सर्किट कानानं वाचताना

गिटारवाल्याच्या हातात सर्किट डायग्राम पडला की तो आधी चिन्हांचा तक्ता शोधतो. तक्ता तासाभरात पाठ होतो, डायग्राम मात्र तरीही कळत नाही. मी कॉमर्सवाला, इलेक्ट्रॉनिक्सच्या वाटेला गेलो तो फझ आणि ओव्हरड्राइव्हच्या नादानं. पण गिटार वाजवणाऱ्याकडे एक भांडवल असतं: आवाज पातळ झाला, फाटला, बसला, हे त्याच्या कानाला लगेच कळतं. डायग्राम त्या कानाच्या भरवशावरच वाचावा, असं माझं मत आहे.

१. श्रीगणेशा हातातल्या गिटारपासून.

एका पिकअपच्या गिटारच्या पोटात असतं ते इतकंच: पिकअप, व्हॉल्यूमचा पॉट, टोनचा पॉट, एक कपॅसिटर आणि जॅक. बॅटरी नाही, त्यामुळे काही जळायची भीतीही नाही. टोनच्या पॉटपासून कपॅसिटरमार्फत एक वाट ग्राउंडला जाते. कपॅसिटर ट्रेबलला सहज जाऊ देतो, बासला अडवतो. टोन कमी केला की ट्रेबल या वाटेनं ग्राउंडला निघून जातो आणि आवाज जाड, मऊ होतो. समोर डायग्राम ठेवून नॉब फिरवत बसा. सिंगल कॉइलला साधारणपणे २५० के आणि हम्बकरला ५०० के पॉट का लावतात, हेही इथंच उलगडतं. पॉट जितका मोठा, तितकी ट्रेबलची गळती कमी. हम्बकरचा आवाज मुळातच भारदस्त, म्हणून त्याला मोठा पॉट.

२. दोन वाटा वेगळ्या धरा.

सिग्नल डावीकडून उजवीकडे जातो, वीज वरून खाली येते. बहुतेक डायग्राम याच रिवाजानं काढलेले असतात. मी प्रिंट काढून लाल पेन्सिलीनं आधी फक्त सिग्नलची वाट रंगवतो. उरलेल्यातलं बरंचसं ट्रान्झिस्टरला किंवा आयसीला योग्य व्होल्टेज पोचवण्यासाठी असतं. ते नंतर बघता येतं.

३. टिंब असेल तिथंच जोड.

दोन रेषा नुसत्या एकमेकींवरून गेल्या तर त्यांचा काही संबंध नाही. याउलट एकाच नावाची दोन टोकं पानाच्या दोन कोपऱ्यांत असली, मधे रेष नसली, तरी ती जोडलेलीच धरायची. ग्राउंडची चिन्हं डझनभर दिसोत, ग्राउंड एकच. ओव्हरड्राइव्हच्या डायग्रामवर 'व्हीआर' किंवा 'व्हीबी' अशी खूण हमखास दिसते. गिटारचा सिग्नल वरही जातो, खालीही. एकट्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या आयसीला खाली जायला जागा हवी, म्हणून सारख्या किमतीचे दोन रेझिस्टर लावून अर्धं व्होल्टेज, म्हणजे साडेचार, तयार करतात आणि सिग्नलला तिथं बसवतात. पानभर विखुरलेल्या त्या सगळ्या खुणा या एकाच जागी येतात.

४. डायग्राममध्ये वस्तू कुठे आहे ते नसतं.

लोकलच्या डब्यातल्या नकाशावर कुठल्या स्टेशनानंतर कुठलं एवढंच कळतं, अंतर कळत नाही, हेही तसंच. टीएल०७२ हा आठ पायांचा आयसी डायग्रामवर दोन सुट्या त्रिकोणांत दिसतो, एक डावीकडे, एक पार उजवीकडे. त्याचे विजेचे पाय, म्हणजे ८ आणि ४, पुष्कळदा काढलेलेच नसतात. ट्रान्झिस्टरचं तर आणखी निराळं. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. चिन्ह दोघांचं एकच. म्हणून डायग्रामच्या शेजारी डेटाशीट उघडी हवीच.

५. आकडे दुकानात शिकावेत.

४के७ म्हणजे ४.७ के, झेरॉक्समध्ये दशांशचिन्ह पुसलं जातं म्हणून तिथं अक्षर घालतात. कपॅसिटरवरचा १०४ म्हणजे १०० नॅनो, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. पुण्यातल्या तपकीर गल्लीत काउंटरवर यादी देताना ही तिन्ही रूपं तोंडात असली की काम पटकन होतं.

६. डायोड कुठे बसलाय, ते बघा.

माझ्या लेखी डायग्राम वाचण्याची खरी गंमत इथं आहे. एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसमध्ये दोन उलटसुलट डायोड आयसीच्या पुढे, सिग्नलवरून थेट ग्राउंडला जातात. ठरावीक उंचीच्या वर गेलेली लाट तिथं छाटली जाते. आयबानेझ ट्यूब स्क्रीमरमध्ये तसेच दोन डायोड आयसीच्या आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेवर आहेत. तिथं लाट मोठी झाली की आयसीचं वाढवणंच कमी होतं आणि मूळ सिग्नल खालून शाबूत राहतो. जागा बदलली आणि आवाजाचा स्वभाव बदलला. त्याच आयसीपाशी ४.७ केचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक ग्राउंडला गेलेले दिसतील. एक भागिले दोन पाय आर सी, हे गणित केलं की ७२० हर्ट्झ येतात. त्याच्या खालचे सूर उतरत्या क्रमानं कमी वाढतात. जाड ई तारेचा मूळ सूर सुमारे ८२ हर्ट्झचा, म्हणजे तो मधल्या सुरांपेक्षा खूपच कमी वाढतो. ट्यूब स्क्रीमरचा बास घट्ट का वाटतो आणि मधले सूर पुढे का येतात, याचं बरंचसं उत्तर या दोन चिन्हांत आहे.

७. ग्राउंड म्हणजे मायनस, असं गृहीत धरू नका.

लंडनच्या आर्बिटर कंपनीनं १९६६ मध्ये काढलेला फझ फेस वाचायला फार चांगला: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. सुरुवातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, म्हणून बॅटरीचा प्लस ग्राउंडला. असा पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर लावला तर गिटारच्या केबलमधूनच शॉर्ट होतो. डायग्रामवर बॅटरीची लांब आणि आखूड रेघ कुठल्या बाजूला आहे, एवढं बघितलं तरी हे टळतं.

८. स्विच सापडत नसेल तर जॅक बघा.

बॅटरीवरच्या पेडलला ऑन-ऑफचं बटण नसतं. पायाखालचा फुटस्विच सिग्नलची वाट बदलतो, वीज तोडत नाही. डायग्रामवर इनपुटचा जॅक स्टीरिओ काढलेला असतो, गिटार मोनो असूनही. बॅटरीचा मायनस त्या जॅकच्या मधल्या पात्याला जोडलेला असतो. मोनो केबल आत गेली की तिचा लांब दांडा ते पातं ग्राउंडला टेकवतो आणि सर्किट सुरू होतं. म्हणून वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढायची. ती तशीच राहिली तर दिवा विझलेला असतानाही बॅटरी उतरत राहते.